तळटीप

पहिल्या प्रकरणावर लोटलीकर मॅडमनी
पेन्सिलीनं सतरा वेळा लिहिलं:
कोण म्हणतं?

‘मीठ आता पूर्वीसारखं पिकत नाही.’ कोण म्हणतं?
‘सर्वांना ठाऊकच आहे की’
सर्व म्हणजे कोण? मला ठाऊक नाही.
‘अतिशय’ खोडलं. ‘प्रचंड’ही.
‘माझ्या मते’भोवती एक गोल
आणि बाजूला, बारीक अक्षरात: आधी पुरावा, बाई.

कालिन्याच्या वाचनालयात चार वाजेपर्यंत
पंखाच माझी पानं उलटत होता.

रात्री भांडुपला मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून
ताटाशेजारी ठेवला.
पप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले,
पान्यावर साय धरली का फावरा थांबवाचा.
मना पदू केनीनं सांगलेलं.
त्याला त्याच्या सासऱ्यानं, मुलुंडच्या आगरान.
मग भाकरी मोडली, थोडं थांबले.
कोंडीन मगर आलेली म्हनतान,
पन ती मी नाय बगली.
ती नको लिवू.

मी जेवण टाकून उठले.
चाळीस पानांत मला एकदाही
‘हे मी बघितलेलं नाही’ लिहायला सुचलं नव्हतं.

मगर वगळली.
बाकीचं जसंच्या तसं, अवतरणात,
खाली आकडा एक:
हिराजी भोईर, मिठागर कामगार, मुलाखत, भांडुप;
त्यांना पदू केणी; त्यांना त्यांचे सासरे.

सोमवारी प्रकरण परत आलं.
पान स्वच्छ. फक्त तळाशी,
त्या शेवटच्या शब्दापुढे, पेन्सिलीनं:
नाव काय त्यांचं?