दिढी

बेलापूरला, सातव्या मजल्यावर
मी करार टाइप करते.
देणारी संस्था, घेणारी संस्था, साहित्य, प्रमाण.
साहित्य : भात, मोरशेंडी वाण, खारपट.
प्रमाण : चाळीस ग्रॅम.
चाळीस ग्रॅम म्हणजे माझी एक मूठ,
तीही नीट भरत नाही.
पानं मात्र अकरा, शिवाय परिशिष्टं दोन.

हैदराबादवाले म्हणतात, कलम सात सैल करा.
आमचे डॉक्टर इनामदार म्हणतात, आवळा.
तिसऱ्या पक्षाला द्यायचं नाही,
उरलं तर परत, नाहीतर नष्ट,
आणि नष्ट केल्याचं पत्र.
दिवसभर मी एक स्वल्पविराम
इकडून तिकडे नेते.

उगमाच्या रकान्यात लिहिलंय :
पदीबाय घरत, तरघरच्या खाडीकडचा खार.
तारीख नाही.
त्या खारावर आता धावपट्टीचे दिवे.
बी तेवढं शिल्लक,
उणे वीस अंशांवर, चंदेरी पाकिटात, बारकोडसकट.

बुधवारी हसुराम घरत आला.
पदीबायचा धाकटा. हेल्मेट मांडीवर.
गव्हाणला मेहुण्याचं चार गुंठे खाजण उरलंय म्हणाला,
बांध फुटलाय, खारं पाणी शिरतं,
दुसरं काही धरत नाही तिथं.
आयचं बी थोडं द्याल?

मी नमुना पुढे सरकवला.
‘प्राप्तकर्ता’ लिहिलेल्या रेघेवर बोट ठेवलं.
त्यानं सगळं वाचलं, सावकाश, परिशिष्टांसकट.
मग हसला :
“माजे आयचा बी, न मनाच सही?”

आय कसं द्यायची, ते त्यानंच सांगितलं.
पायलीनं, वर शिग लावून.
सुगीला दीड पायली परत. दिढी.
ज्याचं बुडालं त्याला पुढच्या सालाला पुन्हा,
आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही.
कागद?
कुडावर कोळशाच्या रेघा.
फिटलं की आय शेणाचा हात फिरवायची.

इनामदार म्हणाले, बसव काहीतरी नियमात.
संध्याकाळी सगळे गेल्यावर
कलम सातमध्ये ‘परत’च्या आधी
लिहून पाहिलं : दीडपट.
संगणकानं खाली लाल नागमोडी ओढली.
ती तशीच ठेवून सेव्ह केलं.

शनिवारी तो येणार आहे.
पाकीट दहा ग्रॅमचं,
चारशेच्या आसपास दाणे.
मोजले नाहीत, नुसता हिशेब केला.
वर शिग कशी लावायची
ते अजून सुचलेलं नाही.