पिंपातला जाळ

दर जूनमध्ये टोलेडोत, माजी सैनिकांच्या हॉलमागे
ऑर्विल कझ्मारेक
तेलाच्या पिंपात फाटके झेंडे जाळतो.
आधी घडी, मग सलाम, मग रॉकेल.
रीतच आहे तशी.

नातीनं कोर्टाच्या पायऱ्यांवर जाळला.
एकच. घडी न घालता.

आता विधेयक आलंय : पुढच्या वेळी वर्षभर आत.
सुनावणीत ऑर्विलला विचारतात,
तुमच्या जाळात नि तिच्या जाळात फरक काय?

तो टोपी फिरवत राहतो बराच वेळ.
‘नायलॉन नीट जळत नाही, साहेब.
वितळतं. बोटाला चिकटतं.
हा माझा डाग.
तिचाही इथंच आहे, अंगठ्यापाशी.

तिच्या मनात काय होतं म्हणता...
माझ्या मनात काय असतं,
हे चाळीस वर्षांत
कुणी विचारलं नाही.’