पोहता न येणाऱ्यांविषयी

निवतीच्या खडपात आम्ही तिघी कालवं काढतो.
अष्टमीच्या भांगाला जात नाही,
तेव्हा पाणी आळशी, धड येत नाही, धड जात नाही.
पुनव-अवस उलटली की जातो.
पाणी इतकं मागे सरतं
की खडकांचे गुडघे उघडे पडतात.

आणि पहिली कोयती पडायच्या आधी
ती पळतात.
राखाडी, चपटी, बोटाच्या पेराएवढी,
या फटीतून त्या फटीत,
खडकाच्या अंगावर शहारा यावा तशी.

गावात त्यांना धड नाव नाही.
कुणी खडपातली झुरळं म्हणतं, कुणी नुसतं 'ती'.
माझी मुलगी लहान असताना टाच उगारून धावायची,
एकही सापडायचं नाही.
तरी बायजाकाकी ओरडायची,
"मारतंस कित्याक गो? तां तेंचा घर आसा."

गेल्या डिसेंबरात कॉलेजातली एक पोर आली.
आश्लेषा नाव. बुटांत वाळू.
तारेची चौकट खडकावर ठेवायची
आणि आत सापडेल ते मोजायची.
मी तिला निसरड्या जागा दाखवायची,
ती मला दिवसाचे दीडशे द्यायची
आणि वर फुकटात सांगायची:
हे किडे नव्हेत, कुर्ल्यांच्या गोतातले.
पाय चौदा. पिल्लाला जन्मतः बारा,
शेवटची जोडी मागाहून फुटते.
अक्कलदाढेसारखी, मी म्हटलं.
तिनं ते वहीत लिहिलं नाही.

कात टाकतात तीही अर्धी अर्धी.
आधी मागचा निम्मा, काही दिवसांनी पुढचा.
सगळं अंग एकदम मऊ पडत नाही कधी.
हे मला पटलं.
आमच्या घराची कौलं आम्ही तशीच बदलली.

आई अंडी पोटाखालच्या पिशवीत बाळगते,
पिशवीत थोडं पाणी.
"एवढा समुद्र समोर, त्यात का नाही सोडत?"
"बुडतील," आश्लेषा म्हणाली.
"त्यांना ओल हवी, पाणी नको.
शेपटाकडची दोन टोकं ओल्या खडकाला टेकवतात,
लागेल तेवढं वर ओढून घेतात.
खोल पाण्यात त्यांचं काही खरं नाही."

मी कोयती खाली ठेवली.
सत्तेचाळीस वर्षं या पाण्याच्या कडेला काढली.
बाप तांडेल, नवरा रापणीवर,
आणि मला पोहता येत नाही.
कुणी शिकवलंच नाही. बाईला लागतं कशाला,
गुडघाभर पाण्यातलं तर काम.
हे मी कुणाला सांगत नाही.
तिला सांगितलं, कारण ती पुण्याला परत जाणार होती.

मग शिमग्याच्या पुनवेनंतरची द्वितीया.
बायजाकाकी आणि सुलभा आधीच वर गेल्या होत्या.
मला एक कपार गावली, कालवांनी खच्चून भरलेली.
टोपलं भरत होतं, मी समुद्राला पाठमोरी.
उजेड तांबूस झाला, मग नुसताच मळका.
हातावरून काहीतरी गेलं.
मग आणखी एक. मग मनगटावरून,
कोपरावरून, चौदा चौदा पाय,
पळत नव्हती, लपत नव्हती,
सगळी एकाच दिशेनं. वर.
झटकायला हात उचलला आणि मागे वळले.
मी आले ती वाट पाण्याखाली होती.

त्यांनी मला वाचवलं असं मी म्हणणार नाही.
ती आपल्या जिवासाठी चालली होती.
मी जड, दोन पायांची, टोपलं डोक्यावर,
त्यांच्या मागून चढले, इतकंच.
पाण्यानं एकदा पोटरी धरली. सोडली.

वर, जिथं लाटेचा नुसता शिंतोडा पोचतो,
शेवाळ संपतं आणि सुका कातळ लागतो,
तिथं ती थांबली.
पुढे गेली तर सुकतील.
मला पुढे जाता येत होतं. घर होतं,
चुलीवर पेज, मुलीचा फोन यायची वेळ.
तरी बसून राहिले,
लुगड्याचा ओला काठ खडकाला टेकवून.

उठताना चार कालवं फोडली
आणि तिथंच ठेवली.
खातात की नाही, ठाऊक नाही.
आश्लेषाला विचारायचं राहूनच गेलं.