पिवळं कार्ड

कतीफच्या लग्नतपासणीच्या लॅबमध्ये
आज सकाळपासून एकतीस नळ्या.
एसी इतका गार, की बोटं
रोवणीला बांधीत उतरल्यासारखी.

यंत्र आकडा सांगतंच.
तरी मी एक थेंब काचेवर घेते, औषध टाकते, झाकते.
थोड्या वेळानं त्या वळायला लागतात,
गोल होत्या, आता विळे.
पुस्तकात लिहिलंय, इथला विळा नि आमच्याकडचा
एकाच लोहाराच्या हातचा.

तिघं होतो आम्ही, धानोऱ्याच्या पलीकडे.
सैनूचं रक्त चोख.
सहाव्या वर्षी हिवताप आला, तिसऱ्या रात्री डोक्यात गेला.
बंडी नाल्यापर्यंत पोचली होती.
माय म्हणाली, वळव बैल.

रैजीला दोन्हीकडून विळा.
चुलीपाशी गुडघे शेकत बसायची,
ढग आले की आधी तिच्या हाडांना कळायचं.
चौदावं लागलं नाही तिला.

मला त्याच पावसाळ्यात, त्याच डबक्याचा ताप.
चार दिवस हुडहुडी,
पाचव्या दिवशी मी आंबील मागितली.
पुजाऱ्यानं कोंबडा नेला.
पुढं कधीतरी शाळेत बोटाला सुई टोचली,
नर्सबाईनं पिवळं कार्ड दिलं: वाहक.
माय म्हणायची, अर्धी.

ड्रायव्हर हाजी मक्की सांगतो,
त्याच्या आजाच्या खजुरीच्या बागेत झरे होते,
झऱ्यांपाशी डास,
आणि आजीची सहापैकी चार मुलं बागेमागं पुरलेली.
आता झरे आटले. डास गेले.
"रक्ताला कुणी कळवलंच नाही," तो म्हणतो
आणि शेंगदाण्याची टरफलं खिडकीबाहेर टाकतो.

अकराच्या सुमारास खिडकीशी एक मुलगी, झैनब.
मागं तिचा तो, जवाद, मोबाइल उलटसुलट करत.
दोघांच्या कागदावर एकच अक्षर, एकच आकडा,
दोघंही अर्धे.

समुपदेशन बाजूच्या खोलीत, मी बोट दाखवते.
ती जात नाही.
विचारते, हे वाईट असतं का?

मी ह्याच्यामुळं आहे.
रैजी ह्याच्यामुळंच नाही.
माझ्या अरबीत हे एका वाक्यात बसत नाही.
दोन वाक्यं केली तर खोटं होतं.

पर्समधून कार्ड काढते,
लॅमिनेशनचा कोपरा सुटलेलं.
काचेखालून सरकवते.
ती ते उलटं धरते,
आमच्या अक्षरांवरच्या रेघेवरून नख फिरवते,
सावकाश, शेवटपर्यंत,
आणि मागं न बघता
जवादला हाक मारते.