जनरलसाहेबांचा कोट

हेअरहिल्सच्या चर्चमागे जो हॉल आहे,
जिथला हीटर एकाच कुशीवर तापतो,
तिथे बसून मी शिवला जनरलसाहेबांचा कोट.
कापड बंद पडलेल्या बिंगो हॉलच्या पडद्याचं,
किरमिजी, जुन्या सिगारेटींचा वास धरून बसलेलं.
पदकं सत्तावीस.
बिस्किटांच्या डब्यांची झाकणं कातरून केलेली,
चार बिअरची बुचं,
आणि एक, खरं सांगते, माझ्या वॉशिंग मशीनचं बटण.

सेलॉर्म म्हणाला, अजून हवीत.
नाटक त्याचं. देशही त्याचाच,
पण नाटकात देशाला नाव नाही.
नाव दिलं तर एकच माणूस चिडेल, म्हणे,
नाही दिलं तर चौदा.
मी म्हटलं, छातीवर जागा संपली.
मग छाती वाढव.
घातला कापूस. आणखी घातला.
शेवटी घरची उशी फोडली.

कोटाच्या आत फेस्टस.
दिवसा एकोणपन्नास नंबरची बस चालवतो,
कुणी आजीबाई धापा टाकत येताना दिसली
की दार उघडं ठेवून थांबतो.
पहिल्यांदा कोट चढवला तेव्हा खो खो हसला.
दुसऱ्यांदा आरशापुढे जरा रेंगाळला.
तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा."
नुसतं "चहा."
मी दिला.
तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलले नाही,
अशी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी पहिला प्रयोग. साठ खुर्च्या, एकेचाळीस माणसं.
जनरलसाहेबांनी हुकूम काढला:
आमचं जेवण होईपर्यंत
देशातल्या एकाही घड्याळाने बारा वाजवू नयेत.
तिकिटं फाडणारी मॉरीन हसून हसून खोकली.
मग बाजाच्या पेटीवर वाजलं
सेलॉर्मने रचलेलं खोटं राष्ट्रगीत,
आणि तिसऱ्या रांगेत अग्बेको उभे राहिले.
एकतीस वर्षं लीड्समध्ये, इस्पितळात स्ट्रेचर ढकललेले.
हात पँटच्या शिवणीला चिकटलेले, हनुवटी वर.
लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. हशा.
बायकोने बाही ओढली. ते बसेनात.
एक विद्यार्थी गंमत म्हणून उठला.
मग दोघी. मग पुढची अख्खी रांग.
मग मॉरीन, तोंडावरचा रुमाल तसाच.
मी विंगेत उभीच होते,
पण पाठ ताठ केली ती कुणी न सांगता.

फेस्टस वाक्य विसरला.
एकेचाळीस माणसांकडे त्याने सावकाश पाहिलं.
गीत संपलं होतं.
तरी उभं ठेवलं त्याने आम्हाला,
जरा जास्तच वेळ.
मग म्हणाला, "बसा."
बसलो.

आत सेलॉर्मने माझ्याकडे पेन्सिल मागितली.
"बसा" हा शब्द नाटकात नव्हता.
शनिवारपासून आहे.

प्रयोगानंतर अग्बेको कोट बघायला आले.
बोट त्या बटणावरच थांबलं.
"खरी याहून हलकी होती," म्हणाले,
आणि टोपी घालून बसथांब्याकडे गेले.

घरी मशीन मी आता पकडीने फिरवते.