परके असा एक रकाना

शुक्रवारी पावणेसहाला फाटक उघडतं.
हमूद आधी चहा पुढे करतो, मग वही:
नाव, वेळ, रहिवासी कार्डाचा नंबर.
आत आम्ही दोघंच. मी आणि कुन्हीरामन.
त्याच्या दुर्बिणीचा पट्टा तुटला त्याला नऊ वर्षं झाली,
तेव्हापासून ती बायकोच्या ओढणीला लटकते.

नदी म्हणायचं तर म्हणा.
पाणी येतं आमच्या प्रयोगशाळेच्या मागून:
रूवीतली धुणी, अल-खुवैरच्या आंघोळी,
अख्ख्या मस्कतने हात धुतलेलं पाणी,
गाळलेलं, निवळलेलं, हवा खेळवलेलं.
ते ठीक आहे, अशी बुधवारी मीच सही करते.
वास थोडा उरतोच.
शेकाट्यांनी कधी अहवाल मागितला नाही,
लाल काटक्या बुडवून उभे असतात
माझ्या सहीवर.

काठाला घाफची झाडं.
तीन वर्षं मी त्यांना घाफच म्हणत होते.
मग एकदा बाहीला काटा अडकला,
सोडवताना पानं नीट पाहिली, शेंग पाहिली,
अगं बाई, ही तर शमी!
आमच्या गावात देवळामागे एकच होती, खुरटी,
इथे तिचं रान.
पांडवांची शस्त्रं इथे असती तर
कुठल्या झाडावर ठेवली, हे शोधण्यातच युद्ध टळलं असतं.
कुन्हीरामन हसला नाही. म्हणाला,
त्यांचा अज्ञातवास एका वर्षाचा होता ना?
माझा करार बावीस वेळा वाढवला.

शेंड्यावर तास बसलेला.
उडाला की निळं उघडतं, बसला की मिटतं.
दसऱ्याला दिसला तर शुभ म्हणतात.
इथे तो रोज दिसतो,
एवढ्या शुभाचं काय करायचं कळत नाही.

कुन्हीरामनची वही मल्याळममध्ये.
मला फक्त आकडे कळतात, आणि तीन उभ्या रेघा.
निवासी, त्याने बोट ठेवून सांगितलं होतं.
हे पाहुणे.
आणि हे परके.
परक्यांत आपलं सगळं अंगण:
कावळा, साळुंकी, लालबुड्या बुलबुल.
कुणी जहाजावरून आलेले, कुणी पिंजऱ्यातून सुटलेले,
आले आणि राहिले.
इथल्या पाखरांचं खातात, हमूद म्हणतो,
त्यांच्या ढोलीत घुसतात.
खोटं नाही ते.
म्हणून बोरीखाली जाळीचे सापळे लावलेत,
आणि आत पाव.
तिसरा रकाना कुन्हीरामन कोराच ठेवायचा.
सापळेवाले मोजतात, म्हणायचा, मी कशाला.

एप्रिलमधला शेवटचा शुक्रवार. पाहुणे निघून गेलेले,
एक तुतवार तेवढा शेपूट हलवत मागे राहिलेला.
मंगळवारी कुन्हीरामनचा व्हिसा रद्द होणार होता.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.
भोवत्या दिसतो का, यावर बोललो. नाही दिसला.

जुन्या फुटक्या पाइपात काहीतरी खसखसलं.
साळुंकी आत गेली, दुसरी बाहेर आली,
चोचीत पाण्याच्या बाटलीचं लेबल.
तो बराच वेळ उभा राहिला.
ओढणी मानेवर सरकवली,
पेन झटकलं, लिहिलं.
आणि वही माझ्या पिशवीत टाकली,
जशी कुणी उरलेली भाजी देतं
घर बंद करताना.

दवाखान्यातल्या शीबाकडून मी ती ओळ वाचून घेतली.
रकाना सोडून, पानाच्या तळाला, आडवी:
साळुंकी, दोन. पिल्लांचा आवाज.
पिल्लं मोजली नाहीत.
कोणाला सांगू नये.

आता शुक्रवारी हमूद दोन पेले काढतो
आणि एक परत ठेवतो.
मी मागच्या पानापासून सुरुवात केलीय, मराठीत.
पाइपाजवळून जाताना
दुर्बीण दुसरीकडे लावते.
कान मात्र तिथेच.