सकाळची हवा

इरय्या आला तेव्हा दुपारचे अडीच.
अक्कलकोट रोडवर डांबर चपलेला धरत होतं.
डिकीतून त्याने चार चाकं काढली, सतरा इंची,
गोणपाटात गुंडाळलेली,
पुण्याच्या मेव्हण्याने वापरून सोडलेली,
काळी, पाच काड्यांची, कडेला चंदेरी रेघ.
"बसव बे. मग बघ गाडी कशी दिसतीय."

मी आधी जुना टायर वाचतो. सवय.
एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
रुंदी मिलिमीटरात, उंची रुंदीच्या टक्क्यात, रिम इंचात:
एका भिंतीवर तीन गावचे हिशेब,
आणि गिऱ्हाइकाला वाटतं शेवटचा आकडा तेवढा खरा.

खडूने फरशीवर मांडलं.
रिम दोन इंच वाढली तर रबराने तेवढं घटावं,
टायर उभा केला की उंची तीच भरावी,
नाहीतर वेगाचा काटा भलतंच सांगायला लागतो.
दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा.
आधीची उंची सहाशे एकवीस, आताची सहाशे सोळा.
पाच मिलिमीटर. चालतं.
"मग झालं की."
"डिकीत काय असतं रोज?"

टॉवेल. चादरी.
सोमवारी नळदुर्ग, बुधवारी उमरगा, शुक्रवारी आळंद.
मागची सीट पाडून अकरा गठ्ठे,
पुढे भाचा, पैसे मोजायला.

मी बोटं लावून दाखवली:
जुन्या टायरची भिंत सहा बोटं, ह्याची साडेचार.
ओझं तेच, खड्डे तेच, मधली हवा थोडी.
थोड्या हवेने तेवढंच उचलायचं
तर ती दाबून भरावी लागते.
जुन्याला तेहतीस होती, ह्याला मागे अडतीस,
तीही जादा वजनाचा शिक्का असलेला टायर घेशील तर.
"सोळा घे. एकशे पंच्याण्णव, पंचावन्न.
रिम मी बघून देतो."
तो काही बोलला नाही.
बाहीने त्या चंदेरी रेघेवरची धूळ पुसली, पूर्ण गोल,
जिथून सुरू केली तिथपर्यंत.
मी सोळाचा विषय सोडला.

नायना पंख्याखाली बसलेले असतात त्या वेळी.
चाळीस वर्षं मागावर. कान तिथेच राहिले.
ताणा ताठ की सैल ते अंगठ्याने सांगायचे,
मालक त्यांना बोलवायला सायकल पाठवायचा.
आता कडक भाकरी चहात मोडतात
आणि माझं काम नापास करतात.

चौथं चाक बसलं. गेज अडतीस.
नायना उठले, मागच्या टायरवर अंगठा टेकला,
खाली जमिनीजवळचा फुगवटा वाकून बघितला.
"कमी आहे."
हा सायकलचा टायर नव्हे, मी ओरडून सांगितलं.
"कमी आहे," ते परत म्हणाले, भाकरीकडे गेले.
इरय्या हसला. मीही हसलो.
वर त्याला सांगितलं:
उन्हातून आल्यावर हवा वाढलेली दिसंल, काढू नको.
गरम टायरचं ऐकायचं नसतं.
गाडी गेली. वळणावर काळी चाकं खरंच छान दिसली.

शटर ओढायच्या आधी काय मनात आलं,
नवा गेज काढला, खोक्यातला, अजून प्लास्टिकमध्ये होता.
दुकानातल्या एका टायरला जुना लावला: छत्तीस.
नवा लावला: बत्तीस.
समोरच्या पंपावरून शिवलिंगचा मागून आणला: चौतीस.

एक टायर, तीन काटे.
जुना गेज सहा महिने हातात आहे.
किती गाड्या, मोजून बघायला बसलो आणि थांबलो.

नायना झोपले होते, तोंड उघडं, अंगठा मुठीत.
त्यांना उठवून विचारावं, कितीने कमी?
पण आकडा त्यांनी कधीच सांगितलेला नाही,
मिलमध्येसुद्धा नाही.

इरय्याला फोन लावला. तो बाजारासाठी गठ्ठे भरत होता.
"सकाळी ये. साडेसहाला, ऊन पडायच्या आत.
हळू ये. गठ्ठे घरी ठेव."
"का बे? चांगली चालतीय की."
"ये तर."